न पुसलेलं चुंबक

१

अर्ध्या गालाला साबणाचा फेस तसाच, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल, असा हाजी जिलानी भर बाजारातून धावत माझ्या गिरणीत शिरला.

"बंद कर, मन्नूबिया! दगड थांबव!"

मी बटण दाबलं. पट्टा फटफटत थांबला. दारापाशी आपापली पोती घेऊन बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"अहो, पण झालं काय?"

"कडी! नझीहाची हातातली सोन्याची कडी त्या गव्हात आहेत!"

नझीहा त्याची बायको. तिचा गहू सकाळीच आला होता. एक पोतं दळून झालं होतं आणि दुसरं माझ्या हाताखालच्या खमीसनं वरच्या पेटीत ओतलेलं, तेही संपत आलं होतं. जिलानीच्या मागून त्याची बहीण हयात धापा टाकत आली आणि तिच्या मागून नझीहा. ती धावत नव्हती. चालत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"लग्नघर, सारखी माणसांची ये-जा," हयात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली. "म्हणून वहिनीनं कडी गव्हात लपवली. आणि विसरली! पोती गेली गाडीवर चढून, आणि हिला आठवतंय आत्ता!"

गव्हात सोनं लपवणं आमच्याकडे नवीन नाही. माझ्या आईनंही लपवलंय, तिच्या आईनंही. पण पोत्यासकट ते गिरणीला पाठवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मी काहीतरी खोचक बोलणार होते. नझीहाचं तोंड पाहिलं आणि गिळून टाकलं.

त्या घरावर मार्चपासून जे आलंय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. गावातली पोरं बोटीत बसून इटलीकडे निघाली. बोट तिकडे पोचली नाही आणि इकडे परतही आली नाही. जिलानीचा वन्नास त्या बोटीत होता. तेव्हापासून सगळं गावच बधिर झालंय. माणसं जेवतात, भांडतात, लग्नं ठरवतात, पण दाढेत सुई टोचल्यावर गाल होतो तसं सगळ्यांचं झालंय. माझं कुणी त्या बोटीत नव्हतं, तरी माझंही तेच. जिलानी मात्र तेव्हापासून एकच गोष्ट विचारत फिरतो: पोराच्या बोटीचे पैसे दिले कुणी? कॉफीच्या दुकानात, मशिदीच्या दारात, बाजारात, जो भेटेल त्याला. "त्याचं तोंड एकदा बघायचंय मला," म्हणतो. दिलेल्या माणसाचं डोकं तो फोडणार, याविषयी गावात कुणाला शंका नव्हती.

आणि आता ही कडी. पुढच्या आठवड्यात रफीकाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, मेंदीचा दिवस. होणारी सासू सोनाराला घेऊन येणार, चारचौघांत कडी तोलणार आणि मुलीच्या हातात घालणार, असं ठरलेलं.

आम्ही दगड उचलून बघितला. वरचा स्वच्छ, खालचा स्वच्छ. पिवळी रेघ नाही की ओरखडा नाही. बायकांनी दोन्ही पोत्यांचं पीठ चाळून काढलं. काही नाही. पेटी रिकामी केली. त्यातही काही नाही.

तोवर पोलीस चौकीवरून सी मुंजी आले होते. ते चौकीचे प्रमुख, 'सी' हा आमच्याकडचा मान, शहरात शिकलेले, बोलताना मुद्दे मोजत बोटं मोडतात.

"गहू पेटीतून पन्हळीवर येतो," ते म्हणाले. "पन्हळीच्या तोंडाशी काय आहे?"

"लोहचुंबक," मी म्हटलं. "गव्हातलं लोखंड धरायला. दगडात खिळा गेला की ठिणगी उडते, आणि पिठाची धूळ उडत असताना ठिणगी उडाली तर गिरणीचा जनाजाच."

"चुंबक सोनं धरतं?"

"नाही. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"मग सोनं चुंबकावर थांबलं नाही. दगडात गेलं नाही. पिठात नाही. पेटीत नाही." त्यांनी एक एक बोट मोडलं. "पन्हळीपाशी उभं कोण असतं?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. खमीस पन्हळीपाशीच उभा होता, हातात फडकं घेऊन.

त्याचे खिसे तपासले, बूट तपासले, डबे-पिशव्या उघडून पाहिल्या. कडी सापडली नाहीत. तरी त्याला जीपमध्ये बसवलं. मी वाट पाहत होते, आता ओरडेल, मी नाही घेतली म्हणेल, शपथा खाईल. त्यानं फक्त एकदा नझीहाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

२

खमीस माझ्याकडे मिसरूड फुटलं तेव्हापासून आहे. आता त्याला बायको आहे, तान्हं मूल आहे. वन्नासचा तो जिवलग दोस्त. पोत्यातून सांडलेला मूठभर गहूसुद्धा गोळा करून ज्याचा त्याला देणारा पोरगा. त्यानं सोनं चोरलं यावर माझा विश्वास बसेना. पण विश्वासाला कोर्टात कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेड आणि हरीसाची तिखट चटणी घेऊन मी चौकीवर गेले.

"सोमवारी त्याला बेजाला कोर्टात पाठवतोय," सी मुंजी म्हणाले. "एकदा तिकडे गेला की माझ्या हातात काही राहणार नाही, लल्ला मन्नूबिया. त्याला म्हणावं, कडी कुठे ठेवलीस ते सांग. मी हाजींना समजावतो."

"आणि नसतीलच त्याच्याकडे तर?"

"तर सोनं हवेत उडालं म्हणायचं का?"

खमीस कोपऱ्यात बसला होता. ब्रेडला त्यानं हात लावला नाही.

"अरे खा. मी घरून आणलंय."

"भूक नाही, मावशी."

"मग बोल तरी. तुझी बायको माझ्या उंबऱ्यावर बसलीय सकाळपासून. पोराला पाजायचंसुद्धा भान नाही तिला. काय सांगू तिला?"

"सांग, मी चोरी केली नाही."

"ते माझ्या आधी तिला ठाऊक आहे! कडी दिसली का तुला? हो की नाही?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी त्याच्यापुढे उकिडवी बसले. या वयात उकिडवं बसणं म्हणजे काय असतं ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

"खमीस, कुणाला पाठीशी घालतोयस? गाडीवाल्या ताहरला? हयातला?"

"कुणालाच नाही."

"सोमवारी बेजाला नेतील तुला. कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत भीती असती तर बरं वाटलं असतं. काहीच नव्हतं. "मावशी," तो म्हणाला, "त्या घरात आधीच काय कमी झालंय? जाऊ दे ना."

म्हणजे काहीतरी होतं, आणि ते त्या घरातलं होतं. मी पुढ्यातला ब्रेड त्याच्या मांडीवर ठेवला आणि निघाले. बाहेर आल्यावर राग यायला हवा होता मला. आला नाही.

३

पोती वाहणारा ताहर मला कॉफीच्या दुकानाबाहेर सापडला. गाडीला घोडा न जुंपता तो गाडीवरच आडवा पडला होता.

"मी उठणार नाही," तो म्हणाला. "काल सी मुंजींनी मला बसवून बसवून विचारलंय. आता तू आडवं विचार."

"पोती कुणी शिवली होती?"

"नझीहा वहिनीनं. मी पोचलो तेव्हा दाभण तिच्या हातातच होतं. शेवटच्या पोत्याचं तोंड माझ्यासमोर शिवलं तिनं. म्हटलं, आण इकडे वहिनी, मी शिवतो. तर म्हणे, राहू दे."

"वाटेत कुठे थांबलास?"

"कशाला? पोती उसवून सोनं शोधायला? अगं, मला माहीत असतं आत सोनं आहे, तर मी गिरणीकडे वळलो असतो का? थेट अल्जीरिया गाठलं असतं!"

तो हसला, मग खमीसची आठवण होऊन उठून बसला. त्याच्या बोलण्यात मला तरी खोट दिसली नाही. शिवणही मी काल पाहिली होती, सुतळी एकसारखी, कुठे उसवलेली नव्हती.

तिथून हयातकडे. हयात म्हणजे तोंडाचा पट्टा. वहिनीची कड घेतेय की वहिनीला टोचतेय ते तिचं तिलाही कळत नाही. अंगणात बसून ती मिरच्यांच्या माळा करत होती.

"खमीसच!" माझ्या तोंडून प्रश्न निघायच्या आत ती म्हणाली. "दिसायला गरीब गाय. अशांचाच नेम नसतो."

"तूच होतीस ना गहू करायला नझीहाबरोबर?"

"मीच! दुसरं कोण? रफीका काय, लग्नाची मुलगी, तिच्या हाताला पाणी लागून कसं चालेल! मी धुतला गहू, तीन पाण्यांनी. गच्चीवर चादरी घालून वाळवला. मग मी, वहिनी आणि शेजारची, तिघींनी बसून दाणा दाणा निवडला. त्या गव्हात खडा निघाला तर माझं नाव बदल! तुझ्या त्या चुंबकालासुद्धा काही मिळालं नसेल बघ. तुझ्याकडे येतो तसला शेणामातीचा गहू नव्हे तो."

"दाणा दाणा निवडलास?"

"मग? लग्नाच्या जेवणात कुसकुस कचकच लागला की लोक मलाच नावं ठेवतात."

"आणि कडी गव्हात केव्हा ठेवली म्हणे नझीहानं?"

"रमजानच्याही आधी. गव्हाच्या मोठ्या रांजणात. तिनंच सांगितलं. तेव्हापासून तिथेच..."

मिरचीत सुई तशीच राहिली. हयात माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. रांजणातला गहू पाण्यात बुचकळला, चादरीवर पसरला, तीन बायकांनी बोटांनी निवडला, आणि त्यात मनगटाएवढी दोन कडी कुणाला दिसली नाहीत? ही असली चूक आमच्या गावातली आंधळी बाईसुद्धा करणार नाही.

"हयात," मी म्हटलं, "हे कुणापाशी बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?" ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

४

कडी रांजणात नव्हतीच. गहू निवडून झाल्यावर, पोत्याचं तोंड शिवायच्या आत ती त्यात टाकली गेली. दाभण एकाच हातात होतं. पण नझीहा स्वतःचं सोनं स्वतःच दगडाखाली का घालील? आणि घातलंच, तर मग ते गेलं कुठे?

गिरणीची किल्ली सी मुंजींनी मला दुपारी परत दिली. आत सगळं काल होतं तसंच होतं. खमीसच्या हातातलं फडकं जमिनीवर पडलं होतं. ते उचलताना माझ्या लक्षात आलं की ते स्वच्छ आहे.

माझ्या गिरणीचा एक नियम आहे, सासऱ्यांपासूनचा. एका घरचं दळण झालं की चुंबक पुसायचं, तेव्हाच दुसऱ्या घरचं पोतं फोडायचं. एकीच्या घरचं लोखंड दुसरीच्या पिठात जाता कामा नये. निघालेला खिळा, टाचणी, कापणी यंत्राचा तुकडा मालकिणीला दाखवायचा, "हे घे, तुझ्या घरचं लोखंड," म्हणून तिला चिडवायचं, आणि मग ते भंगाराच्या डब्यात टाकायचं. काल नझीहाचं दळण अर्धवट राहिलं. चुंबक पुसायचं राहून गेलं होतं.

मी पन्हळीत वाकून पाहिलं.

चुंबकावर लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा उभा होता. धुतलेला गहू असला तरी एवढा कीस निघतोच, हयातनं काहीही म्हणावं. पण त्या किसात दोन जागा मोकळ्या होत्या. गोल. पिठात पेला दाबून उचलावा तशा, एकाला एक लागून.

मी कितीतरी वेळ वाकून राहिले. पाठ भरून आली तेव्हा सरळ झाले.

गोल काहीतरी तिथे चिकटलं होतं आणि कुणीतरी ते ओढून काढलं होतं. सोनं चुंबकाला चिकटत नाही. सी मुंजींनी आपली सगळी बोटं त्याच एका गोष्टीवर मोडली होती, आणि तिथेच आम्ही सगळे फसलो होतो. चुंबक सोनं धरत नाही, म्हणून खमीस चोर. पण कडी सोन्याची नसतीलच तर?

मग खमीसनं ती चुंबकावरूनच काढली. त्यानं काढली, ओळखली आणि ठेवली. कुठे? खिशात नव्हती, बुटात नव्हती. जिलानी यायच्या आत त्याच्या हाताशी काय होतं? मी इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा नि गावाला वळसा!

भंगाराचा डबा पन्हळीच्या खालीच असतो. सी मुंजींच्या माणसानं काल तो उघडून पाहिला होता, गंजके खिळे दिसले म्हणून नाक मुरडून परत ठेवला होता. तो सोनं शोधत होता ना. मी डबा फरशीवर पालथा केला. खिळे, तारा, विळ्याचं मोडकं टोक, नटबोल्ट. आणि त्यांत दोन कडी, ग्रीस आणि किसानं माखलेली, पाण्याच्या पाइपाची वायसरं वाटावीत अशी.

पदरानं पुसली. वरून पिवळीधम्मक. सुरीच्या टोकानं आतल्या बाजूला खरवडलं. पिवळा पापुद्रा सुटला आणि खाली करडं लोखंड निघालं.

ही घेऊन मी चौकीवर जाऊ शकत होते. पण त्यानं खमीस सुटला असता का? सी मुंजी म्हणाले असते, बघा, डब्यात यानंच लपवली, खरी काढून खोटी ठेवणाराही हाच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती पक्कीच झाली असती. खमीसला सोडवणारं तोंड एकच होतं. कडी पदरात बांधून मी नझीहाच्या घरी निघाले.

५

नझीहा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लग्नाचा कुसकुस वळत होती. लाकडी परातीत रवा, त्यावर पाण्याचा शिपका, आणि तळहात गोल गोल फिरत होते. घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मी समोर बसले आणि पदराची गाठ सोडून कडी परातीच्या कडेला ठेवली.

तिचे हात थांबले नाहीत.

"कुठे सापडली?" तिनं विचारलं.

"चुंबकाला चिकटली होती. खमीसनं काढून डब्यात टाकली."

आता हात थांबले. "चिकटली?"

"लोखंड आहे, नझीहा. वरून मुलामा."

"विकणारा पितळ म्हणाला होता," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, बाजारातून आणलेली वांगी किडकी निघाल्यासारखं बोलत होती. "शपथ घेऊन म्हणाला मेला, पितळ आहे. मला वाटलं, पितळाला तुझं चुंबक काही करणार नाही. दगडाखाली जातील, चुरा होईल, पिवळे कण निघतील. लोक म्हणतील, गेलं बिचारीचं सोनं. रडतील चार दिवस. संपलं. सोनाराच्या तराजूत तर जाणार नाहीत."

"आणि खरी?"

ती परत कुसकुस वळू लागली.

"मार्चमध्ये," मी म्हटलं. "ट्युनिसला गेली होतीस. रफीकाच्या लग्नाचं कापड बघायला गेलीस असं सांगितलं होतंस सगळ्यांना. नझीहा, बोटीचे पैसे तू दिलेस."

"तो जाणारच होता," ती म्हणाली. "मी नसते दिले तर चोरी केली असती, नाहीतर फुटक्या बोटीत बसला असता. मी म्हटलं, चांगल्या बोटीचे देते. त्यांनी सांगितलं, ही चांगली बोट आहे." रव्यावर पाण्याचा शिपका मारून म्हणाली, "ते विचारत फिरतात गावभर, कुणी दिले, कुणी दिले. घरी येतात, मी ताट वाढते. माझ्याशेजारी बसून म्हणतात, देणाराचं तोंड बघायचंय मला. मी पाणी देते."

मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवला नाही. माझ्या जिभेला येतं तेच मी केलं.

"खमीसचं काय मग? त्याला ठाऊक होतं ना? कडी हातात आल्याबरोबर त्याला कळलं."

"वन्नासनं सांगितलं असेल त्याला."

"तो तुझ्यासाठी गप्प बसलाय. सोमवारी बेजाला जाईल. त्याचं पोर अजून बसायलाही लागलेलं नाही."

"मला वाटलं, सोडतील. सोनं सापडलं नाही की सोडतील."

"नाही सोडणार."

"मला काही वाटत नाही गं, मन्नूबिया," ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्याला जीपमध्ये बसवलं तेव्हा मी बघत होते. म्हटलं, आता ओरडावं. आवाजच निघाला नाही. वन्नास गेल्यापासून माझं असंच आहे. चुलीला हात भाजतो, मला नंतर कळतं."

"मलाही कळतं ते," मी म्हटलं. "पण ऐक. मी तुझं नाव घेणार नाही. सी मुंजींनी फाडून खाल्लं तरी घेणार नाही. घ्यायचं तर तूच घे. आणि नाही घेतलंस, तर एका आईचा मुलगा समुद्रानं नेला आणि दुसऱ्या आईचा तू नेलास, एवढं लक्षात ठेव."

हे फार झालं, हे बोलतानाच मला कळलं. नझीहानं परातीवर ओलं फडकं झाकलं, चारी टोकं नीट खोचली, हात धुतले. मग डोक्यावरून चादर घेतली.

"ते चौकीवरच आहेत," ती म्हणाली. "खमीसला कबूल करायला लावतो म्हणून गेलेत. चल."

६

जिलानी सी मुंजींच्या टेबलापाशी उभा होता, डोक्यावरची शाशिया टोपी मागे सरकलेली, आवाज बसलेला. खमीस भिंतीपाशी. आम्हाला पाहून खमीस उठला आणि मान हलवू लागला, नको, नको म्हणून. नझीहानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं कडी टेबलावर ठेवली.

"ही खोटी आहेत. लोखंडाची. खरी मी मार्चमध्ये विकली," ती म्हणाली. "पोत्यात मीच टाकली. या पोराचा काही संबंध नाही. याला घरी जाऊ द्या."

सी मुंजींनी बोटं मोडायला हात वर केले आणि तसेच ठेवले.

"विकली?" जिलानी म्हणाला. "कशासाठी विकली?"

तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. बोलायची गरजही नव्हती. मी त्याच्या आणि तिच्या मधे सरकले. म्हातारा माणूस, पण हात अजून लोखंडाचे आहेत त्याचे. खमीसही एक पाऊल पुढे आला.

"वन्नासनं मला शपथ घातली होती, काका," तो म्हणाला. "नाहीतर मी..."

जिलानीनं त्याला हातानंच थांबवलं. खुर्ची ओढली, पण बसला नाही, तिच्या पाठीला धरून उभा राहिला.

"म्हणजे तू होतीस," तो म्हणाला. "तू त्याला सोडायला गेली होतीस?"

"स्टँडवर. पहाटे. तुम्ही झोपला होतात."

"अंगात काय होतं त्याच्या?"

नझीहाला प्रश्न कळला नाही. मलाही नाही.

"अगं कपडे! कपडे काय होते अंगात?" तो ओरडला आणि आवाज फाटला त्याचा. "किनाऱ्यावरच्या त्या इस्पितळात जातो मी. तुला सांगतो ना, वसुलीला चाललोय, तेव्हा तिकडे जातो. दर वेळी विचारतात, मुलाच्या अंगात काय होतं? सापडलेल्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत. कपड्यांवरूनच ओळखायचं. मी बाप! मला सांगता येत नाही! दिसेल त्याला विचारत फिरलो, पैसे कुणी दिले, कारण ज्यानं दिले त्यानं त्याला शेवटचं पाहिलं असणार. त्याचं डोकं फोडून काय करू मी? मला फक्त कपडे हवे होते!"



"काळं जाकीट," नझीहा म्हणाली. "नवं. ट्युनिसहून घेतलं होतं मी, तुम्ही पाहिलं नव्हतंत. आतून खिसा शिवला होता, फोन भिजू नये म्हणून. रफीकाच्या पडद्यांचं हिरवं कापड होतं ना, त्याचा."

"हिरवा," जिलानी म्हणाला.

"हिरवा. प्लॅस्टिक लावून शिवला होता."

तो आता बसला. हळूहळू, खुर्चीला धरत बसला.

"पहिल्याच खेपेला वाचून दाखवलं होतं त्यांनी मला," तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "काळं जाकीट, आत हिरवा खिसा, हातानं शिवलेला. दोनदा वाचलं. मी म्हटलं, नाही. माझ्या मुलाकडे असलं जाकीट नाही. हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे, त्याच्या घरच्यांना कळवा."

नझीहानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तसाच बसून राहिला, तिचा हात झटकला नाही. सी मुंजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी खमीसला धरून बाहेर आणलं. बाहेर त्याची बायको पोराला घेऊन उभी होती. तिला पाहून तो मुकाट रडायला लागला. त्या चौकीवर त्या दिवशी रडलेला तो एकटाच.

तासाभरानं खमीसनंच किनाऱ्याकडे जायला माझी गिरणीची गाडी काढली. जिलानी पुढे बसला, नझीहा मागे. निघण्यापूर्वी ती घरात जाऊन आली होती. कुसकुस बघून आली असेल असं मला वाटलं. तिच्या हातात हिरव्या कापडाचा उरलेला तुकडा होता. तिकडे दाखवायला लागेल, म्हणाली.